शिबिरातल्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टबद्दल कोकणातल्या मंडळांना खुले पत्र

प्रति,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत गणपती, शिमगा आणि मे महिन्याच्या सुट्टीत आरोग्य शिबिरे भरवणारी सर्व ग्रामविकास मंडळे, उत्सव मंडळे आणि त्यांच्या मुंबई शाखा

विषय : लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट कसा छापावा आणि कसा समजावून सांगावा याबाबत

सप्रेम नमस्कार.

चाकरमानी गावी आले की शाळेच्या पडवीत टेबलं मांडून तुम्ही रक्त तपासून घेता, हे काम मोठं आहे. मुंबईत लोकलच्या वेळा सांभाळणारा माणूस स्वतःहून लॅबची पायरी चढत नाही, आणि गावात राहिलेली त्याची आई तर नाहीच नाही. माझं आयुष्य देवगड तालुक्यातल्या लॅबमध्ये गेलं. तुमच्यासारख्या मंडळांचे नमुने बर्फाच्या डब्यातून आमच्याकडे यायचे. त्यामुळे हेतूबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती संध्याकाळी रिपोर्ट वाटताना जे घडतं त्याबद्दल.

एक नमुन्याचा रिपोर्ट घेऊ. आकडे मी मांडलेले आहेत, पण असा रिपोर्ट पाहिला नाही असा लॅबवाला कोकणात सापडणार नाही. पुरुष, वय ४८. एकूण कोलेस्टेरॉल १९५. एचडीएल ३२. ट्रायग्लिसराइड २९०. एलडीएल १०५. (एचडीएलला लोक चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात, एलडीएलला वाईट; ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी.) एकूण आकडा २०० च्या आत, एलडीएलच्या रकान्यात हिरवी टिक. कार्यकर्ता कागद हातात ठेवतो आणि म्हणतो, "तुमचा बरा आसा, जरा तेलकट कमी करा." गडी निवांत घरी जातो. त्या दिवसाच्या गठ्ठ्यातून मला पहिल्यांदा बाजूला काढायला सांगितलं, तर मी हाच कागद काढेन.

का, ते सांगायला थोडं रक्तात उतरावं लागेल. रिपोर्टवरचे चार आकडे चार वेगळ्या वस्तूंचे आहेत असं आपण धरून चालतो. तसं नाही.

कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. ते प्रथिनांनी बांधलेल्या चरबीच्या सूक्ष्म कणांतून फिरतं. यकृत व्हीएलडीएल नावाचे मोठे कण सोडतं, ते मुख्यतः ट्रायग्लिसराइडने भरलेले असतात. वाटेत त्यातली चरबी स्नायू आणि मेदपेशी काढून घेतात आणि उरतो तो पुढे एलडीएल होतो. या सगळ्या कणांवर एपो-बी नावाचं प्रथिन असतं, एका कणावर नेमकं एकच. धमनीच्या भिंतीत घुसून अडकणारे ते हेच. एचडीएलचे कण वेगळे आणि लहान. त्यांचं मुख्य प्रथिन एपो-ए-वन पेशींमधलं जादा कोलेस्टेरॉल उचलतं. मग एलकॅट हे एन्झाइम त्या कोलेस्टेरॉलला मेदाम्ल जोडून त्याचं एस्टर बनवतं आणि ते कणाच्या पोटात सरकतं. एलकॅटला कामाला लावणारंही एपो-ए-वनच. एलकॅटचं हे काम जॉन ग्लोमसेट यांनी १९६२ मध्ये दाखवलं.

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या फळ्यावर काढण्याइतकी सरळ आहे. पुढचा भाग मात्र शिबिराच्या पत्रकात कधीच नसतो, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

रक्तात सीईटीपी नावाचं आणखी एक प्रथिन फिरत असतं, कोलेस्टेरॉलचं एस्टर एका कणातून दुसऱ्या कणात नेणारं. १९७५ मध्ये डोनाल्ड झिल्व्हरस्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते सशाच्या रक्तात सापडलं. २००७ मध्ये त्याची रचना दिसली : लांबट, वाकलेला रेणू, आतून सुमारे ६० अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) लांबीचा बोगदा, आणि त्या बोगद्यात कोलेस्टेरॉल-एस्टरचे दोन रेणू बसलेले. ते दोन कणांना एकदम चिकटून बोगद्यातून माल सोडतं की एकेका कणाकडे फेऱ्या मारतं, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. करतं काय, याबद्दल मात्र वाद नाही. एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल ते व्हीएलडीएल आणि एलडीएलला देतं आणि त्यांच्याकडचं ट्रायग्लिसराइड एचडीएलमध्ये आणून टाकतं. दाभोळच्या खाडीत दोन होड्या मध्येच एकमेकींना लावून नारळाची पोती इकडे आणि मिठाची तिकडे टाकावीत, तसा हा प्रकार. म्हणजे सकाळी एचडीएलच्या रकान्यात मोजला गेलेला कोलेस्टेरॉलचा रेणू दुपारी एलडीएलच्या रकान्यात असू शकतो. माणसाच्या रक्तात एचडीएलने गोळा केलेल्या कोलेस्टेरॉलचा बराच भाग असाच फिरून, एलडीएलच्या वाटेने यकृतात पोचतो.

ही देवाणघेवाण मोकाट नसते. तिला लगाम घालणारी प्रथिनंही रक्तातच आहेत. एपो-सी-वन हे फक्त ५७ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन एचडीएलवर बसतं. त्याच्यावर धन विद्युतभार असल्यामुळे कणाच्या पृष्ठभागावरचा ऋण भार घटतो आणि सीईटीपीला तिथे नीट चिकटता येत नाही. एपो-एफ नावाचं दुसरं प्रथिन मुख्यतः एलडीएलच्या बाजूने हीच अडवणूक करतं. मधुमेहात रक्तातली साखर प्रथिनांना चिकटते आणि एपो-सी-वनचा लगाम सैल पडतो, असंही अभ्यासात दिसलं आहे. साखर आणि कोलेस्टेरॉल हे दोन वेगळे आजार आहेत असं समजून शिबिरात दोन वेगळी टेबलं मांडणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

पण रोजच्या व्यवहारात या देवाणघेवाणीचा वेग ठरवणारी सगळ्यात मोठी गोष्ट साधी आहे : रक्तात ट्रायग्लिसराइडने भरलेले कण किती आहेत. ते वाढले की सीईटीपीला माल बदलायला भरपूर गिऱ्हाईक मिळतं. एचडीएल आपलं कोलेस्टेरॉल देऊन बसतो आणि बदल्यात ट्रायग्लिसराइड घेतो. ते ट्रायग्लिसराइड यकृतातलं हिपॅटिक लायपेज हे एन्झाइम फोडून टाकतं, कण आक्रसतो, त्याचं एपो-ए-वन सुटून मूत्रपिंडावाटे जातं. रिपोर्टवर एचडीएल ३२. हीच कहाणी एलडीएलचीही होते. त्यातही ट्रायग्लिसराइड भरलं जातं, तेही फोडलं जातं, आणि कण लहान, घट्ट होतो. प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी असतं, कण मात्र जास्त. आपण मोजतो ते कणांमधलं कोलेस्टेरॉल, कणांची संख्या नाही. म्हणून रिपोर्टवर एलडीएल १०५ आणि शेजारी हिरवी टिक.

आता त्या ४८ वर्षांच्या माणसाचा कागद परत पाहा. कमी एचडीएल आणि जास्त ट्रायग्लिसराइड ही दोन किरकोळ कुरबुरींची यादी नाही, एकाच बिघाडाची ती दोन टोकं आहेत, आणि मधलं एलडीएल त्याच बिघाडामुळे सभ्य दिसतं आहे. या माणसाच्या पोटाचा घेर आणि साखर मोजल्याशिवाय त्याला घरी सोडणं मला पटत नाही. आणि हा कोणी जगावेगळा माणूस नाही. महाराष्ट्रासह चार ठिकाणी झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या अभ्यासात, ज्याचे लिपिडचे निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, ७२.३ टक्के लोकांचं एचडीएल कमी होतं आणि २९.५ टक्के लोकांचं ट्रायग्लिसराइड जास्त. एलडीएल जास्त असलेले फक्त ११.८ टक्के. आपण मात्र सगळी भीती त्या शेवटच्या आकड्याभोवती गुंडाळून ठेवली आहे.

त्यातून तो एलडीएलचा आकडा बहुतेक शिबिरांत मोजलेलाही नसतो. तो हिशेबाने काढतात. १९७२ मध्ये फ्रीडेवाल्ड यांनी दिलेलं सूत्र : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भागही वजा करा. आपल्या उदाहरणात १९५ वजा ३२ वजा ५८, उरले १०५. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र वापरूच नये, तरी संगणकात एकदा बसवलेलं सूत्र कोण थांबवतो? सणाच्या जेवणानंतरच्या रक्तात तर हा आकडा आणखी भाबडा होतो, कारण ट्रायग्लिसराइड चढतं आणि तितकं एलडीएल कागदावर उतरतं.

याला उपाय म्हणून नवं यंत्र लागत नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करा. उरतं त्याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीत अडकू शकणाऱ्या सगळ्या एपो-बीवाल्या कणांमधलं कोलेस्टेरॉल त्यात येतं, मग सीईटीपीने ते व्हीएलडीएलमध्ये टाकलेलं असो की एलडीएलमध्ये. आपल्या माणसाचं नॉन-एचडीएल १६३. नॉन-एचडीएलची मर्यादा एलडीएलच्या मर्यादेपेक्षा ३० ने जास्त धरतात. एलडीएल १३० च्या आत हवं असलेल्याला नॉन-एचडीएल १६० च्या आत हवं. एलडीएलवर पास झालेला माणूस इथे नापास. मधुमेही असेल तर मर्यादा आणखी खाली, म्हणजे नापासही मोठ्या फरकाने. लिपिड असोसिएशन ऑफ इंडियानेही नॉन-एचडीएलला एलडीएलच्या बरोबरीचं लक्ष्य मानलं आहे. एवढं असून रिपोर्टवर तो रकाना नसतो. असतं ते दोन आकड्यांचं गुणोत्तर, आणि त्याखाली "जोखीम सरासरीपेक्षा कमी" असली एखादी गोड ओळ.

आता दुसऱ्या बाजूबद्दल, म्हणजे एचडीएल जास्त आलेल्यांबद्दल. यांचं शिबिरात चक्क अभिनंदन होतं. ७० च्या वर एचडीएल म्हणजे हृदयाचा विमा काढला, असं एका शिबिराच्या माईकवरून ऐकलं आहे. संध्याकाळी नियमाने बसणाऱ्या मंडळींचं एचडीएल दारूमुळेही वाढतं, हे त्या निवेदकाला कोणी सांगितलं नव्हतं. दारूने ट्रायग्लिसराइडही वाढतं.

एचडीएलचा आकडा वाढवला की हृदयविकार कमी होतो का, हा प्रश्न जगाने फार मोठी किंमत देऊन विचारला आहे. जपानमध्ये जन्मतः सीईटीपी नसलेली माणसं सापडली. देवाणघेवाण बंद, म्हणून एचडीएल खूप जास्त. सुरुवातीला वाटलं की हेच दीर्घायुष्याचं गुपित. पण जिथे हा जनुकीय दोष फार आढळतो त्या ओमागारी भागात १९९० च्या दशकात पाहणी झाली, तेव्हा या उंच एचडीएलचा दीर्घायुष्याशी संबंध दिसला नाही. तोवर औषध कंपन्यांनी सीईटीपी बंद करणाऱ्या गोळ्या बनवायला घेतल्या होत्या. फायझरची टॉर्सेट्रॅपिब १५,०६७ लोकांवर तपासली गेली. एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढलं, एलडीएल २५ टक्क्यांनी उतरलं. कागदावर याहून सुंदर रिपोर्ट नसेल. डिसेंबर २००६ मध्ये चाचणी तातडीने थांबवली, कारण गोळी घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त होत होते. त्या गोळीने रक्तदाब आणि अल्डोस्टेरॉन हे संप्रेरकही वाढत होतं, त्यामुळे सगळा दोष सीईटीपी अडवण्यावर टाकता येत नाही. मग २०१२ मध्ये डाल्सेट्रॅपिब आणि २०१५ मध्ये इव्हासेट्रॅपिब : एचडीएल वाढलं, फायदा शून्य, चाचण्या बंद.

चौथी गोळी अनासेट्रॅपिब. २०१७ मध्ये ३०,४४९ लोकांवरच्या चाचणीचा निकाल आला. एचडीएल जवळजवळ दुप्पट, आणि हृदयाच्या झटक्यासारख्या मोठ्या घटना ९ टक्क्यांनी कमी. एचडीएल दुप्पट होऊन फायदा इतकाच का? कारण नॉन-एचडीएल सुमारे १८ टक्के उतरलं होतं, आणि तेवढ्या उतारातून जितका फायदा अपेक्षित असतो तितकाच मिळाला. एचडीएलच्या वाढीने वेगळं काही पदरात पडल्याचं दिसलं नाही. कंपनीने ती गोळी बाजारात आणली नाही. माझ्या मते, या तीस हजार माणसांनी आपल्या रिपोर्टवर कोणता रकाना ठळक छापायचा ते ठरवून दिलं आहे.

म्हणूनच शिबिराच्या दाराशी लागणाऱ्या स्टॉलबद्दल बोलायला हवं. "एचडीएल वाढवा" असं लिहिलेली चूर्णं, कॅप्सूल आणि घाण्याच्या खोबरेल तेलाच्या बाटल्या तिथे विकल्या जातात, आणि पत्रकावर मंडळाचं नाव असल्यामुळे लोकांना ते मंडळाचंच सांगणं वाटतं. एका पत्रकात तर उंदरांवरच्या प्रयोगाचा दाखला होता. उंदरांच्या रक्तात सीईटीपी नसतंच. त्यांचं बहुतेक कोलेस्टेरॉल मुळात एचडीएलमध्येच असतं, त्यामुळे उंदराचं एचडीएल वाढलं यावरून माणसाबद्दल जपून बोलावं.

खोबरेलाबद्दल कोकणात लिहिणं म्हणजे घरच्यांचा रोष ओढवून घेणं, तरी लिहिते. नारळात कोलेस्टेरॉल नाही, हे खरं. खोबरेलाने एचडीएल वाढतं, हेही खरं. २०२० मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला. इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एचडीएल साधारण ४ ने वाढलं आणि एलडीएल १० हून जास्तने. स्टॉलवाला पहिला आकडा सांगतो, दुसरा गिळतो. आमटीतलं वाटप, सोलकढी, बांगड्याचं तिखलं यांच्या विरोधात मी एक शब्द बोलत नाही, मला स्वतःला त्यांच्याशिवाय जेवण जात नाही. सकाळी उठून उपाशीपोटी दोन चमचे तेल औषध म्हणून पिणं ही गोष्ट वेगळी. ज्याचं नॉन-एचडीएल आधीच १६३ आहे त्याला तुमच्या मंडपात ती बाटली विकली जाऊ नये. उलट बांगडे आणि पेडवे आपल्या किनाऱ्यावरच मिळतात. त्यांच्यातली ओमेगा-३ मेदाम्लं यकृतातून निघणारं ट्रायग्लिसराइड कमी करण्याच्या दिशेने काम करतात. ते रव्यात घोळून तेलात बुडवण्याऐवजी तिखल्यात टाकलेले बरे, एवढंच.

तर मागणी काय? लॅबशी दर ठरवताना दोन अटी घाला. नॉन-एचडीएलचा रकाना हवा आणि तो एलडीएलच्या वर, ठळक हवा. यासाठी लॅबला एक पैसाही जास्त द्यावा लागत नाही, ती फक्त वजाबाकी आहे. दुसरं, ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तिथे हिशेबाने काढलेलं एलडीएल छापू नये, तो रकाना रिकामा ठेवावा.

ज्यांचं ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि एचडीएल कमी, म्हणजे पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या खाली, त्यांची वेगळी यादी करा. त्यांच्या कमरेला टेप लावा, पुरुष ९० सेंटिमीटर आणि बायका ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा. त्यांची एचबीए-वन-सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी) तपासणी त्याच नमुन्यातून होऊ शकत असेल तर करून घ्या. सगळ्यांची करायला पैसे पुरणार नाहीत, या यादीतल्यांची करायला पुरतील. शिबिरात वाटायचे दहा चष्मे एका वर्षी कमी झाले तरी चालेल, असं माझं प्रांजळ मत.

उपाशीपोटी बोलावण्याचा हट्टही सोडा. म्हाताऱ्या बायका सकाळी सहापासून रांगेत उभ्या राहतात आणि नऊला एखादी भोवळ येऊन बसते, हे तुम्हीही पाहिलं असेल. नेहमीच्या लिपिड तपासणीला उपवासाची गरज नाही, हे युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्येच एकमताने सांगितलं. नॉन-एचडीएल आणि एचबीए-वन-सी या दोन्हींना जेवणाने फारसा फरक पडत नाही. ट्रायग्लिसराइड फारच जास्त आलेल्या थोड्यांना पुन्हा उपाशीपोटी बोलवावं लागेल, बाकीच्यांना चहा-बिस्किट घेऊन येऊ द्या.

एलडीएल १९० च्या वर आलेला माणूस ही वेगळीच गोष्ट. त्याला "तेलकट कमी करा" सांगून पाठवू नका. हा घराण्यात उतरलेला दोष असू शकतो, त्याचे भाऊ, बहिणी, मुलं यांचंही रक्त तपासावं लागतं, आणि गणपतीच्या दिवसांत ते सगळे एका घरात सापडतात. अशा संधी वर्षात फार नसतात. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीबद्दल त्याचा डॉक्टर ठरवेल, मंडळाने फक्त तो डॉक्टरपर्यंत पोचला का ते पाहावं.

पाठपुराव्यासाठी नवी यंत्रणा उभारू नका. आयुष्मान आरोग्य मंदिरात (पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात) तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर मोफत तपासतात. आशाताईंकडे वाडीची माहिती असते. गावात राहणाऱ्यांची यादी, त्यांची परवानगी घेऊन, तिथे द्या. चाकरमान्यांची यादी मुंबई शाखेच्या चिटणिसाने ठेवावी आणि दिवाळीच्या आत प्रत्येकाला एक फोन करावा.

आणि स्टॉल. भाडं मिळतं म्हणून लावता, हे मला माहीत आहे. मंडपाच्या आत मात्र एचडीएलच्या नावाने काही विकू देऊ नका.

रिपोर्टचा सुधारित नमुना मी एका पानावर मराठीत तयार करते आहे, नॉन-एचडीएलच्या रकान्यासह आणि कार्यकर्त्याने काय बोलावं त्याच्या चार ओळींसह. ज्या मंडळांना हवा असेल त्यांनी छापखान्यात कागद टाकण्याआधी आपल्या लॅबवाल्याला दाखवून घ्यावा. त्याला काही बदल सुचले तर ते मलाही कळवा.

आपली नम्र,
लॅबमधून निवृत्त झालेली एक सहकारी
तालुका देवगड